गोडं पाणी

१

खाऱ्या पाण्यातून आलेल्या इंजिनाला रोज गोडं पाणी पाजायचं असतं. बोटीमागे लावलेलं इंजिन खाडीचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवतं, आणि ते पाणी सुकलं की आत मिठाचे थर धरतात. म्हणून ओहोटीला बोट वाळूवर बसली की इंजिनाच्या बुडाखाली अर्धं कापलेलं पिंप सरकवायचं, त्यात विहिरीचं पाणी भरायचं, दहा मिनिटं इंजिन हळू चालवायचं आणि बाजूच्या भोकातून बारीक धार पडते की नाही ते बघत उभं राहायचं. काम सोपं आहे. पण दिवसभर लोकांना खाडीत फिरवून, त्यांचे फोटो काढून देऊन, "दादा, डॉल्फिन कधी दिसणार?" याला हसून उत्तर देऊन झाल्यावर ती दहा मिनिटंसुद्धा जिवावर येतात.

मी ते रोज करत नव्हतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला खोटा म्हणायला नको. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा करायचो. बाकीचे दिवस उद्यावर ढकलायचो.

बोट माझी. नाव 'मालन', म्हणजे माझ्या आईचं. सहा माणसं बसतात, सातवा मी. भाट्याच्या पुलाजवळ आमची छोटी लाकडी जेटी आहे. माझी बायको नम्रता तिथे टेबल टाकून बसते, येणाऱ्यांची नावं वहीत लिहिते, प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळून देते. आम्ही दोघं एका वर्गातले, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. "विनीत, दोरी टाक," असं ती जेटीवरून ओरडली की मला अजूनही शाळेतलीच वाटायची.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी जेटीवर पोचलो तर ती माझ्या आधी आलेली, आणि खुशीत.

"काल पाणी पाजलंस ना रे इंजिनाला?"

मी वाळूकडे पाहिलं. पिंप स्वच्छ धुऊन पालथं घातलेलं होतं. नळी वेटोळं करून खुंटीला अडकवलेली. इंजिनाच्या टोपावर रोज दिसणारा मिठाचा पांढरा थर नव्हता, कुणीतरी तेलाचा बोळा फिरवला होता. काल संध्याकाळी मी सगळं तसंच टाकून गेलो होतो.

"हो मग," मी म्हणालो. "मी नाय तर कोण पाजणार?"

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस."

बायकोच्या तोंडून 'बरं केलंस' ऐकून मला किती महिने झाले होते, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

२

मग ते रोजचंच झालं.

एका सकाळी बोटीच्या तळाचं बूच नवं दिसलं, त्याला ग्रीस लावलेलं. दुसऱ्या दिवशी पंख्यामागची पिन बदललेली. मी ती सहा महिने तारेच्या तुकड्यावर भागवली होती. इंजिनाला गंज धरू नये म्हणून जस्ताचा एक तुकडा लावतात, तो झिजून बोराएवढा राहिला होता. तोही नवा आला. लाइफ जॅकेटं मी ओली असतानाच ढिगात टाकायचो. ती आता दोरीवर उलटी टांगलेली असायची, पट्टे खाली, म्हणजे पाणी निथळून जाईल.

आणि रोज नम्रता विचारायची, "हे तूच केलंस ना?"

रोज मी म्हणायचो, "हो."

आयत्या बिळावर नागोबा म्हणून लोक हसतात, पण बिळात किती ऊब असते ते नागोबालाच ठाऊक. आठ-दहा दिवस मी मजेत होतो. डब्यात बांगड्याचे दोन तुकडे जास्त यायला लागले. ती माझ्या शर्टाची बटणं न सांगता लावून द्यायला लागली. पुलावरून घरी चालत येताना एकदा तिने माझा हात धरला, तोही रहदारीत.

पण माणसाचं मन मेलं स्वस्थ बसत नाही. कुणीतरी माझ्या बोटीला हात लावतोय. का लावतोय? फुकट कोण राबतो? मी तरी नाही राबत. तेव्हा जो कुणी होता, त्याला बोटीचं काय पडलं असणार! त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते जेटीवर टेबल टाकून बसलं होतं.

असं मनात आलं आणि मला लगेच भावेश आठवला.

भावेशची बोट आमच्या शेजारीच लागते. पस्तिशीचा, बिनलग्नाचा, हातात चांदीचं कडं, केस नेहमी नुकतेच कापलेले. इंजिनाची धार बघितल्याशिवाय हा जेटी सोडत नाही. आणि ती लाल दोरी. बोट चालवणाऱ्याने एक टोक स्वतःच्या मनगटाला अडकवायचं असतं, दुसरं इंजिनाच्या बटणात. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, इंजिन बंद. भावेश ती मंगळसूत्रासारखी कधी काढत नाही. मी माझी वेगाच्या दांडीलाच गुंडाळून ठेवायचो. हात बांधून बोट चालवायला मी काय चोर आहे?

नम्रता त्याच्याशी हसून बोलते. सगळ्यांशीच बोलते, पण त्याच्याशी बोलताना तिची मान किंचित वाकडी होते. हे मी आधी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता मला दिवसभर तेवढंच दिसायला लागलं. मी जळत होतो. उगाच गोड शब्द कशाला वापरू.

३

"माझ्या बोटीला हात का लावतोस?" मी भावेशला सरळ विचारलं. सकाळची वेळ होती, तो पेट्रोलची टाकी भरत होता.

त्याने आधी झाकण घट्ट लावलं, सांडलेलं फडक्याने पुसलं, मग वर बघितलं. "काय झालं?"

"पाणी कोण पाजतो माझ्या इंजिनाला? पिन कोणी बदलली?"

"येडा हायस काय? मला माझ्या बोटीचं पुरत नाय, तुझ्या बोटीला कशाला हात लावू?"

"मग कोण?"

तो हसायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला. "विनीत, काल दुपारी तूच नाय काय बसला व्हतास पिंपाजवळ? मी हाक मारली, तू हात केलास. मी म्हटलं, चला, सुधारला बाबा."

काल दुपारी मी मिरकरवाड्याला होतो. इंजिनाचं तेल आणायला गेलो होतो आणि तिथेच बर्फाच्या कारखान्याशेजारी दोन तास गप्पा मारत बसलो होतो. चहा पाजणारा साक्षीला होता.

"मीच होतो कशावरून?"

"कशावरून म्हणजे? एवढी वर्षं तुझं थोबाड बघतोय मी."

खोटं बोलतोय, मी स्वतःला सांगितलं. पकडला गेला की माणूस काहीही सांगतो. पण भावेशच्या तोंडावर पकडल्याची कळा नव्हती, उलट काळजी होती. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "झोप लागते ना रे नीट?"

मी त्याचा हात झटकला. जेटीच्या पायरीवर धोंडूमामा जाळं शिवत बसलेले असतात, आयुष्यभर मोठ्या मच्छीमार बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान होते, आता गुडघे गेले. ते मान वर न करता म्हणाले, "भांडा नको रं पोरांनो. बोटीवर तांडेल एक असला म्हंजे झाला. कोन का असंना."

"मीच आहे मामा," मी म्हणालो.

मामांनी सुई दाताने धरून माझ्याकडे पाहिलं आणि परत जाळ्यात मान घातली.

४

दोन दिवसांनी मी नम्रताला सांगितलं, मिरकरवाड्याला चाललोय, जेवायला थांबू नको. स्कूटर पुलापलीकडे लावली आणि किनाऱ्याच्या सुरूच्या बनातून चालत परत आलो. बनाच्या कडेवरून आमची जेटी शंभर पावलांवर दिसते.

स्वतःच्या बायकोवर झाडाआडून नजर ठेवायची, यात शरम आहे. मला ती वाटलीसुद्धा. पण शरमेपेक्षा जळफळाट मोठा होता.

दुपारचा एक. ओहोटी लागली होती. 'मालन' वाळूवर एका कुशीवर कलंडून बसली होती. पर्यटक जेवायला गेलेले, भावेशची बोटही नव्हती. म्हणजे तो खाडीत होता, दूर राजिवड्याच्या बाजूला त्याची निळी ताडपत्री मला दिसत होती. ऊन एवढं की वाळूकडे बघवत नव्हतं.

आणि 'मालन'चं इंजिन चालू होतं.

आवाज ओळखीचा होता, पण माझ्या हाताखाली ते असं कधी वाजलं नव्हतं. माझ्याकडे ते खोकायचं. आता एका सुरात गुरगुरत होतं, आणि मध्ये पिंपात पडणाऱ्या धारेचा आवाज. बोटीवर उन्हासाठी कापडी छप्पर आहे, ते माझ्या बाजूला झुकलेलं, त्यामुळे आत बसलेला माणूस दिसत नव्हता. छपराखालून फक्त दोन हात दिसत होते. ते फडक्याने काहीतरी पुसत होते, घाई न करता.

नम्रता डबा घेऊन वाळूत उतरली. बोटीच्या कडेला टेकली. तिने डबा उघडला, एक झाकण स्वतःकडे घेतलं, एक आत दिलं. हातांनी ते घेतलं.

ती ऐकत होती. बोलत नव्हती, ऐकत होती. मला माझ्या लग्नाच्या बारा वर्षांत नम्रता अशी ऐकत बसलेली आठवत नाही, कारण मी सांगण्यासारखं काही बोललोच नव्हतो. मग तिने पदराने डोळे पुसले. पुसता पुसता हसली आणि आतल्या हातावर आपला हात ठेवला.

मी धावलो. वाळूत पाय रुतत होते, तोंडातून शिव्या बाहेर पडत होत्या. जेटीच्या खांबाने मधे क्षणभर बोट झाकली. खांबाला वळसा घालून पोचलो तेव्हा इंजिन बंद होतं. नम्रता एकटी डबा आवरत होती.

"कुठे गेला?"

"कोण?"

"आत्ता होता तो! कोण होता?"

ती माझ्या शर्टाकडे बघत होती. घामाने भिजलेला होता. "विनीत, तू आत्ता हात धुवायला म्हणून गेलास," ती हळू म्हणाली. "धावत कशाला आलास?"

मी डब्यात पाहिलं. दोन्ही झाकणं पुसून खाल्लेली. बांगड्याचे काटे एका बाजूला नीट लावून ठेवलेले. मी काटे वाळूत थुंकतो.

"काय सांगत होतो मी तुला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"आईचं. त्यांचा शेवटचा फोन आला तेव्हा तू क्रिकेट बघत होतास आणि कट केलास, ते." तिचे डोळे परत भरून आले. "इतकी वर्षं एकट्याने मनात ठेवलंस रे. आधी का नाय बोललास?"

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नम्रताला नाही, आईच्या चितेसमोर नाही. पिंपातलं पाणी अजून हलत होतं. मी त्यात वाकून पाहिलं, का पाहिलं ते सांगता येणार नाही. त्यात छपराचं कापड दिसलं, आभाळ दिसलं, आणि पाणी संथ व्हायच्या आत मी मागे सरलो.

"आज तूच सांगितलंस ना?" नम्रताने विचारलं.

तेव्हा तरी नाही म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं असतं, तर ते रडणं, तो हातावरचा हात, सगळं दुसऱ्याचं ठरलं असतं. ते मला सोसवलं नसतं.

"हो," मी म्हणालो.

५

पुढचे तीन दिवस मी शहाण्यासारखा विचार केला. ऊन लागलं असेल. माणूस स्वतः काम करून विसरतो, असं होतं म्हणतात. कदाचित मीच हे सगळं करतोय आणि माझ्याच लक्षात राहत नाही. हे पटवून घ्यायला सोपं होतं. मी माझे हात निरखले. इंजिनाचं काम करणाऱ्याची नखं काळी असतात, ग्रीस आठवडाभर निघत नाही. माझी नखं स्वच्छ होती.

घरी वाळत घातलेल्या कपड्यांत माझे दोन शर्ट दिसायचे. मी एकच घातलेला असायचा.

मी जेटीवरून हलायचं बंद केलं. जेवायलाही बोटीतच बसायचो. पण मी हजर असलो की नम्रता पहिल्यासारखी व्हायची. डबा द्यायची, हिशेबापुरतं बोलायची, मोबाइल बघायची. मी एकदा आईचा विषय काढला. तिने ऐकलं, पण मान वाकडी झाली नाही. "हं, सांगितलंस ना ते," म्हणाली.

त्या पिंपात पाणी भरून मी स्वतः इंजिन चालवलं. धार नीट पडली. तिला हाक मारून दाखवलं. तिने पाहिलं, हसली, आणि टेबलाकडे परत जाताना एकदा सुरूच्या बनाकडे नजर टाकली. कुणी येतंय का, अशी.

त्या नजरेने माझं डोकं फिरलं.

६

चौथ्या दिवशी तीनच्या सुमारास मी 'मालन' एकट्याने बाहेर काढली. ओहोटीचं पाणी जोरात समुद्राकडे ओढत होतं. अशा वेळी खाडीच्या मुखाशी जायचं नसतं. तिथे वाळूची पट्टी उथळ येते, बाहेरच्या लाटा आत येणाऱ्या आणि खाडीचं पाणी बाहेर जाणारं, दोन्ही एकमेकांच्या अंगावर चढतात. शेंबड्या पोराला विचारा, सांगेल.

"जॅकेट घाल," नम्रता जेटीवरून ओरडली. "दोरी लाव हाताला!"

आत्ता ही कुणाला सांगतेय, मला की त्याला? मी जॅकेट फळीवर फेकलं आणि दांडी पुढे रेटली. जो कुणी या बोटीवर हक्क सांगतोय, त्याने यावं आता समोर. बोट माझी आहे. तिला बुडवायची तरी मीच बुडवीन.

मुखाशी पहिली लाट नीट घेतली. दुसरी घेताना मी मागे वळून पाहिलं. जेटीवर नम्रता उभी होती, कपाळावर हात धरून. मी चाक जोरात फिरवलं, बोट आडवी झाली आणि लाटेने मला उचलून बाहेर टाकलं.

पाण्यात पडलो तेव्हा आधी मला इंजिनाचा आवाज ऐकू आला. पाण्याखाली तो कानात नाही, छातीत वाजतो. दोरी दांडीला गुंडाळलेली, म्हणजे इंजिन बंद होणार नव्हतं. रिकामी बोट सरळ जात नाही. ती गोल फिरते, आणि फिरून तिथेच येते जिथे माणूस पडला. हे मला धोंडूमामांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वर आलो, तर 'मालन'चं नाक माझ्याकडे वळलेलं. खाली डुबकी मारली. पंखा डोक्यावरून गेला, पाणी पांढरं झालं. पुन्हा वर आलो. बोट पुन्हा वळत होती. तिसऱ्यांदा खाली जायला छातीत श्वास नव्हता.

आणि इंजिन थांबलं.

एकदम शांत झालं. लाटा बोटीच्या फायबरवर आपटत होत्या तेवढाच आवाज. दहा हातांवर 'मालन' डुलत होती आणि तिच्या तळातून एक माणूस उठून उभा राहिला. पाठमोरा. माझा निळा शर्ट, कोरडा. त्याने दांडीला गुंडाळलेली लाल दोरी सावकाश सोडवली, एक टोक बटणात बसवलं, दुसरं मनगटाला. मग फळीवरचं लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले, प्रत्येक पट्टा एकदा ओढून पाहिला. इंजिन चालू केलं. आणि बाजूला वाकून, धार पडते की नाही ते बघितलं. वाकला तेव्हा गालाची कड दिसली, कान दिसला. कानामागचा तीळ मी स्वतःचा कधी पाहिलेला नाही. नम्रताने सांगितलाय म्हणून माहीत आहे.

"अरे!" मी ओरडलो. त्याला हाक मारायची तर नाव कुठलं घेणार?

त्याने वळून पाहिलं नाही. फळीखालून दुसरं जॅकेट काढलं आणि न बघता मागे फेकलं. ते बरोबर माझ्या हाताशी येऊन पडलं. मग तो बोट सावकाश, लाटेला नाक देत, आत घेऊन गेला.

त्याने मला वाचवलं, याचा मला जास्त राग आला.

७

पलीकडच्या वाळूवर मी कसाबसा लागलो. तिथून आमची जेटी दिसते. बोट लागली, नम्रताने दोरी झेलली. तिने त्याला दोन्ही हातांनी धरून वर घेतलं, आणि मग बराच वेळ दोघं जेटीवर तशीच उभी होती. भावेश धावत आला, त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. धोंडूमामांनी जाळं बाजूला ठेवून हात वर केला. एवढी माणसं, आणि एकानेही खाडीकडे पाहिलं नाही.

पुलावरून मी चालत निघालो. अंगात नारिंगी जॅकेट, पायात चप्पल नाही. रिक्षावाले बघून वेग कमी करायचे आणि परत वाढवायचे. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तुळशीपाशी पणती होती. आतून माशाच्या कालवणाचा वास येत होता.

मी कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. नम्रता होती. दचकली नाही. मी येणार हे तिला ठाऊक होतं. तिने पाठीमागे दार ओढून घेतलं, पण पूर्ण लावलं नाही. फटीतून मला आतला पाट दिसत होता, ताट, आणि ताटाशी निळ्या बाहीतला हात. नखं काळी होती.

"जॅकेट काढ," ती कुजबुजली. "बोटीचं आहे ते. उद्या सहा माणसं आहेत."

मी काढून दिलं. तिने पट्टे पिळून पाहिले, खांद्यावर टाकलं.

"नमू, आत कोण आहे?"

"हळू बोल. जेवतोय तो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. तुझं तोंड मला कळत नाय होय?" तिचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तरी रोज विचारत होते तुला. तूच केलंस ना, तूच केलंस ना. एकदा नाय म्हणाला असतास ना विनीत, तर मी त्याला घरात घेतला नसता. मी वाट बघत होते."

"मी आहे तुझा नवरा."

"होतास," ती म्हणाली. मग मान हलवली. "तसा होतास काय रे कधी? खरं सांग."

मला काहीतरी सांगायचं होतं. बारा वर्षांचं काहीतरी एक, ज्यावर तिला नाही म्हणता आलं नसतं. मी शोधत राहिलो. आतून घोट घेतल्याचा आवाज आला, तांब्या ठेवल्याचा, आणि मग माझ्याच आवाजात, पण मी कधी वापरला नाही इतक्या मायेने कुणीतरी विचारलं, "कोण आलाय गो?"

"कोण नाय," नम्रता आत बघून म्हणाली. "एक जॅकेट राहिलं व्हतं खाडीवर, ते आणून दिलं कुणी. तू जेव."

पणतीच्या उजेडात तिचं तोंड मला पूर्ण दिसत होतं. माझ्यासाठी त्यावर काही उरलं नव्हतं. दया होती, तीसुद्धा आवरती घेतलेली. मी पायरी उतरलो. घरातून निघताना तोंडात येतं तेच सवयीने आलं.

"ये..."

तिने पटकन पुढे होऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला कालवणाचा वास होता.

"येतो नको म्हणू," ती म्हणाली. "जातो म्हण."

आमच्याकडे जिवंत माणूस उंबऱ्यावरून असं म्हणत नाही. तिलाही ते माहीत होतं, तिच्या आईने तिला लहानपणी याच शब्दावरून फटका दिला होता. ती दाराला हात लावून थांबली. मी म्हणेपर्यंत ती आत जाणार नव्हती, आणि आत तिचं ताट वाढलेलं होतं.

"जातो," मी म्हणालो.

तिने कडी लावली.